भाषण घासायचं, पण कुणासाठी?

आपल्यातला एखादा पोरगा जयंतीला किंवा सहा डिसेंबरला बोलायला उभा राहणार असला, की न मागता दोन सल्ले त्याच्याकडं चालत येतात. एक म्हणतो, भाषा जरा सुधार, शुद्ध बोल, लोक हसतील. दुसरा म्हणतो, काही सुधारू नको, पोटातून येईल ते ओत. घासूनपुसून बोलणं हे पांढरपेशांचं काम. मला दोन्ही सल्ले मान्य नाहीत. का नाहीत, ते सांगतो.

पहिला सल्ला घ्या. आधी 'शुद्ध' हा शब्दच तपासा. ज्या व्यवस्थेनं पाणी बाटतं असं ठरवलं, सावली बाटवते असं ठरवलं, तिनंच आपली जीभही अशुद्ध ठरवली. 'पाणी' म्हणणारा शुद्ध, 'पानी' म्हणणारा अशुद्ध. आणि 'पानी' म्हणणाऱ्यालाच त्या पाण्याला शिवायची बंदी! विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेतून जोतीरावांच्या व्याकरणाची टर उडवली. जोतीरावांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देण्यापेक्षा व्याकरण तपासणं सोपं होतं. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत माझ्याही 'न'चे मार्क कापले गेले. मी काय बोललो ते परीक्षकांनी विचारलंच नाही. मुद्दा टाळायचा असला की माणूस उच्चार पकडतो. तेव्हा कुणी हसेल म्हणून आईची भाषा जिभेवरून खरवडून काढायची, ही तर स्वतःच स्वतःवर अस्पृश्यता पाळणं झालं.

दुसरा सल्ला विद्रोही वाटतो, म्हणून तो जास्त फसवा. सभेत पुढं कोण बसलंय ते बघा. दिवसभर खुरपून, विटा वाहून आलेली बाई मांडीवर पोर घेऊन रात्री अकरापर्यंत बसते. तुम्ही तयारी न करता पाऊण तास बोललात, 'हजारो वर्षांचा अंधार' चारदा आणि 'क्रांती' दहादा म्हणालात, तर तिच्या पदरात काय पडलं? झोप गेली, एवढंच. बिनमजुरीचं राबवून घ्यायला आपण वेठ म्हणतो ना? मग ही वेठच की! अंधार तिला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तिला हवं असतं ते दुसरंच. पोराची स्कॉलरशिप कुठं अडकली? मारहाण झाली आणि ठाण्यात फिर्याद घेतली नाही, तर काय करायचं? तिला सांगा, की १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात कलम ४ आहे. अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या सरकारी नोकरानं जाणूनबुजून कर्तव्यात कसूर केली, तर त्याला सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. फिर्याद नोंदवणं हे त्या कर्तव्यातच येतं. भाषणातली तीन विशेषणं खोडा आणि तिथं हे एक कलम लिहा. मजकूर घासणं म्हणतात ते हे.

घासणं म्हणजे गुळगुळीत करणं, असं आपण धरून चालतो. जातं आठवा. दळून दळून ते गुळगुळीत झालं, की पीठ बारीक पडायचं नाही. मग आमच्या आया टाकी लावणाऱ्याला बोलवायच्या. तो छिन्नीनं ठोकून जातं पुन्हा खरबरीत करायचा. भाषणालाही अशी टाकी लावावी लागते. वापरून वापरून बोथट झालेला शब्द काढायचा, तिथं गावाचं, रकमेचं, तारखेचं खरं नाव घालायचं. लिहिलेलं मोठ्यानं वाचायचं. घरातल्या म्हातारीला ऐकवायचं. ती "म्हंजी काय रं?" म्हणाली, की ते वाक्य बदलायचं. वाक्य बदलायचं, अर्थ नव्हे.

वाक्य आणि अर्थ यांतला हा फरक १९३६ साली बाबासाहेबांनी दाखवून दिला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण आधी मागवून वाचलं, आणि धर्मावरचा, शास्त्रांवरचा घाव वगळायला सांगितलं. बाबासाहेबांनी कळवलं, स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही. परिषद बारगळली. न झालेलं ते भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चानं छापलं, १५०० प्रती. पण याच माणसानं १९४४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लिहिलं, की १९१६ चा आपला जातिसंस्थेवरचा निबंध त्यात गुंफून हे भाषण नव्यानं रचायचं मनात होतं, वेळ मिळाला नाही. म्हणजे फेरफाराला त्यांचा विरोध नव्हता. मुद्दा धारदार करायला फेरफार चालेल, मुद्दा मारायला नाही, एवढंच.

आणखी बघा. त्याच १९३६ च्या ३१ मेला मुंबईच्या महार परिषदेत ते 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण करतात. विषय तोच, जात आणि धर्म. लाहोरचं भाषण सवर्ण सुधारकांसाठी इंग्रजीत लिहिलेलं. हे आपल्या माणसांसाठी मराठीत. ऐकणारे बदलले तशी भाषा बदलली, मांडणी बदलली. निष्कर्ष दोन्हीकडं नरम झाला नाही.

इथपर्यंत सोपं आहे. अवघड प्रश्न पुढं आहे.

समजा, गावात मिश्र सभा आहे. तुम्ही शहरातून आलाय. जहाल बोलता, टाळ्या घेता आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत जाता. वस्ती तिथंच राहते. दुसऱ्या दिवशी किराणा बंद, शेतातलं काम बंद, पिठाची गिरणी बंद. १९२७ च्या २० मार्चला चवदार तळ्याचं पाणी प्यालेल्या आपल्या माणसांना त्याच दिवशी महाडात मार खावा लागला. मग त्या गावात शब्द जरा आवरला, तर तो भेकडपणा का?

माझं उत्तर असं. लाहोरच्या त्या स्वल्पविरामाची किंमत बाबासाहेब स्वतः मोजत होते. सभा गेली ती त्यांची, छपाईचा खर्च त्यांचा. गावातल्या तुमच्या जहाल शब्दाची किंमत मात्र दुसराच कुणी मोजणार असतो. ज्यानं किंमत मोजायची, त्यानंच शब्द ठरवायचा. म्हणून सभेआधी तासभर लवकर जा, वस्तीत बसा, विचारा. "बोला, आम्ही बघून घेऊ," असं ते म्हणाले, तर एक अक्षरही गिळू नका. "आत्ता नको," म्हणाले, तर आवरा. पण खोटं बोलू नका. सगळं ठीक आहे, असं व्यासपीठावरून सांगू नका. गप्प राहणं आणि खोटी साक्ष देणं, या वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि कुणी पुरोगामी हितचिंतक शब्द खोडायला आला, तर त्याला एकच विचारा: हा शब्द कुणाला टोचतोय? ऐकणाऱ्या आपल्या माणसाला कळत नसेल, तर जरूर बदला. कळतोय म्हणून दुसऱ्याला टोचत असेल, तर राहू द्या.

पुढच्या सभेचं भाषण आजच लिहायला घ्या. रात्री घरात वाचून दाखवा.