बॅगेतल्या दोन पेट्या



गेल्या महिन्यात एका रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक ज्येष्ठ गृहस्थ आमच्यापाशी थांबले. त्यांचा मुलगा अमेरिकेत, टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरात राहतो. तो आता तिथला नागरिक आहे. बायको आणि दोन लहान मुले सोबत आहेत. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत त्या किनाऱ्यावर चक्रीवादळांचा हंगाम असतो, म्हणून एक बॅग भरून तो दाराजवळ ठेवतो. तिचा फोटो त्याने वडिलांना पाठवला होता. पाण्याच्या बाटल्या, विजेरी, औषधे, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कागदपत्रे, धाकटीच्या दुधाचा डबा, आजीने दिलेली रोझरी. आणि एका कोपऱ्यात पुठ्ठ्याच्या दोन छोट्या पेट्या.

“फादर, मी विचारलं ह्या पेट्या कसल्या. तर म्हणाला, गोळ्या. मला वाटलं डोकेदुखीच्या.”

त्या पिस्तुलाच्या गोळ्या होत्या. प्रत्येक पेटीत पन्नास. गृहस्थ हसले, पण त्यांचे डोळे हसत नव्हते. त्यांनी सरळ विचारले, “हे पाप आहे का?” आम्ही “विचार करून सांगतो” असे म्हटले आणि पुढच्या बाप्तिस्म्याच्या तयारीला लागलो. सेमिनरीत चार बुके तत्त्वज्ञान वाचलेल्या माणसाने दिलेले हे उत्तर त्यांना मुळीच आवडले नाही. त्यांच्या परवानगीने आज ते थोडे अधिक नीट देण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम वजनाचा हिशेब, कारण पायी निघालेल्या माणसाला तो आधी कळतो. पिस्तुलाचे सर्वसाधारण काडतूस बारा ग्रॅमच्या आसपास असते. शंभर काडतुसे म्हणजे सव्वा किलो. रायफलची हजार काडतुसे घेतली, आणि घेणारे तिकडे आहेत, तर बारा किलो झाले. उलट बाजूला पाणी आहे. अमेरिकन सरकारचा सल्ला दर माणशी दर दिवशी एक गॅलन पाण्याचा, म्हणजे पावणेचार लिटरचा आहे. चौघांच्या कुटुंबाला एका दिवसाचे पंधरा किलो झाले. तीन दिवसांचे पाणी पाठीवर घेऊन कोणीच चालू शकत नाही. म्हणजे काहीतरी मागे राहणारच. त्या सरकारी यादीत पाणी, अन्न, रेडिओ, विजेरी, शिट्टी, औषधे असे सगळे आहे, काडतुसे नाहीत. पण यादीत नाही म्हणून पाप आहे असे थोडेच होते? आपल्या यादीत रोझरीही नसते.

मुख्य प्रश्न जुना आहे. संत ऑगस्टीन यांना, खाजगी माणसाने आपला जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याचा घ्यावा, हे पटत नव्हते. शिपायाला किंवा अधिकाऱ्याला ते वेगळा न्याय लावत, कारण तो स्वतःसाठी लढत नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी तोच प्रश्न हाती घेतला आणि एक बारीक भेद केला. एकाच कृतीचे दोन परिणाम असू शकतात, एक आपल्या हेतूतला आणि दुसरा हेतूबाहेरचा. हल्लेखोरापासून स्वतःला वाचवणे हा हेतू असेल आणि त्यात त्याचा जीव गेला, तर त्या कृतीला खून म्हणता येत नाही. मात्र त्यांनी अट घातली की, बचावाला लागते त्याहून अधिक बळ वापरले तर तीच कृती अन्याय्य ठरते. आजचा कॅथोलिक कॅटेकिझम अक्वायनस यांच्या वाटेने जातो. इतकेच नव्हे, ज्याच्यावर दुसऱ्यांच्या जिवाची जबाबदारी आहे त्याच्यासाठी बचाव हे गंभीर कर्तव्य ठरू शकते, असेही तो सांगतो. दोन लेकरांचा बाप असा जबाबदार माणूस आहे. तेव्हा “पिस्तूल ठेवले म्हणून तो पापी” असे आम्ही म्हणणार नाही. ज्याला कधी बायको-मुलांना घेऊन पुराच्या पाण्यातून निघावे लागले नाही, त्याने मंडपात बसून असे म्हणणे सोपे असते.

पण अक्वायनस यांच्या त्या अटीपाशी आम्ही बराच वेळ अडलो. लागते त्याहून अधिक बळ नको, हे खरे. पण ते मोजायचे केव्हा? अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत, समोर अनोळखी माणूस असताना कोण मोजमाप करतो? तेव्हा हात जे सापडेल ते करतो. मोजमाप शक्य असते ते आदल्या महिन्यात, घरात दिवा असताना, बॅग भरताना. प्रमाणाची नैतिक परीक्षा बऱ्याच अंशी तिथेच होऊन गेलेली असते. पिस्तुलात भरलेल्या गोळ्या एखाद्या हल्लेखोरासाठी पुष्कळ होतात. त्यावर आणखी शंभर घेतल्या की त्या कोणासाठी, हे मनाला विचारावे लागते. ज्याने शंभर घेतल्या त्याने, कळत नकळत, वाटेवर भेटणाऱ्या माणसांविषयी एक गोष्ट रचलेली असते.

तशी गोष्ट रचली की काय होते, हे 2005 साली न्यू ऑर्लिन्सने पाहिले. 29 ऑगस्टला कट्रिना वादळ आले, बंधारे फुटले आणि बहुतेक शहर पाण्याखाली गेले. ज्यांच्याकडे गाडी नव्हती ते मागे राहिले. त्यांत गरीब आणि कृष्णवर्णीय अधिक. मग बातम्या सुटल्या: सुपरडोम या स्टेडियममध्ये आसऱ्याला आलेल्या हजारोंमध्ये खून पडताहेत, लहान मुलांवर अत्याचार होताहेत. शहराच्या मोठ्या अधिकाऱ्यांनीही त्या उचलून धरल्या. काही आठवड्यांनी तपास झाला, तेव्हा स्टेडियममध्ये सापडलेल्या मृतांत खून झालेला एकही नव्हता. पण तोवर गोष्ट बंदुकीपर्यंत पोहोचली होती. सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी पाणी, अन्न आणि बस मिळेल या आशेने शेकडो लोक पायी मिसिसिपी नदीवरच्या मोठ्या पुलावर चढले. पलीकडच्या ग्रेट्ना गावाच्या पोलिसांनी बंदुका घेऊन पूल अडवला, डोक्यांवरून गोळी झाडली आणि बायका-पोरांना परत फिरवले. आधी आलेल्या अनेकांना आपण बसने पुढे पाठवले, आता आपल्याकडे देण्यासारखे काही उरले नाही, असे गावाचे म्हणणे होते. त्यात तथ्य असेल. पण देण्यासारखे नव्हते, तरी जाऊ देण्यासारखा रस्ता तर होता.

तीन दिवसांनी, 4 सप्टेंबरला, डॅन्झिगर पुलावर याहून भयंकर घडले. पोलिसांवर गोळीबार होतोय असा निरोप आला. पोलीस ट्रकमधून आले आणि पुलावरून चाललेल्या निःशस्त्र लोकांवर त्यांनी गोळ्या झाडल्या. एक कुटुंब खाण्याचे सामान शोधायला निघाले होते. दोघांचा जीव गेला. एक सतरा वर्षांचा मुलगा आणि एक चाळीस वर्षांचा मतिमंद माणूस, ज्याला पाठीत गोळी लागली. आणखी चौघे जबर जखमी झाले. प्रकरण दडपण्यासाठी खोटा पुरावाही तयार झाला. काही आरोपी पोलिसांनी न्यायालयात गुन्हा कबूल करायला 2016 साल उजाडले. हे गुंड नव्हते, प्रशिक्षित पोलीस होते. भरलेली बंदूक आणि भरलेले कान एकत्र आले की प्रशिक्षणही टिकत नाही. मग ह्यूस्टनच्या कॉम्प्युटर इंजिनिअरचे काय टिकणार?

मुलाची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा एकतर्फी न्याय होईल. त्याच शहरात काही पोलीस ड्युटी सोडून निघून गेले होते. फोन बंद, दिवे बंद, दुकाने फोडली जात होती. त्यातली काही दुकाने भुकेसाठी फोडली गेली. अक्वायनस यांच्या मते अत्यंत गरजेत असलेल्याने दुसऱ्याचे अन्न घेणे ही चोरीच नव्हे. पण सगळी भुकेसाठी नव्हती. आणि जे आपल्या घरात शांतपणे बसले होते त्यांच्या कायदेशीर बंदुकाही पोलिसांनी काढून घेतल्या, शेकडोंनी. न्यायालयाने तो प्रकार थांबवला, आणि 2006 मध्ये आपत्तीच्या काळात अशी जप्ती करू नये असा कायदाच देशात झाला. ज्याला सरकार वाचवू शकत नाही, त्याच्या हातचे साधन सरकारने काढून घ्यावे, हे आम्हालाही पटत नाही. मुलगा फोनवर वडिलांना आणखी एक गोष्ट म्हणाला. 2017 मध्ये हार्वे वादळाच्या पुरात एक अनोळखी गोरा माणूस मासेमारीची होडी घेऊन त्यांच्या दारात आला आणि सगळ्यांना कोरड्या जागी सोडून गेला. नाव सांगितले नाही, पैसे घेतले नाहीत. त्याच्या कमरेला पिस्तूल होते.

हे ऐकून आमचा लेख लिहायचा थांबला होता, हे प्रामाणिकपणे सांगतो. मग लक्षात आले की त्या माणसाची होडी भरली होती ती दुसऱ्यांना घेण्यासाठी. पिस्तूल कमरेला होते, आणि जागा माणसांसाठी होती.

गाडीने निघणाऱ्याला वाटेल की वजनाचा प्रश्न आपला नाही. डिकीत काय, हजार गोळ्याही मावतील. याच ह्यूस्टनमध्ये, कट्रिनानंतर तीनच आठवड्यांनी, रिटा वादळाच्या भीतीने पंचवीस लाखांहून अधिक माणसे गाड्या घेऊन एकाच वेळी निघाली. दीडशे किलोमीटरहून लांब रांगा लागल्या. उन्हात इंजिने तापली, पेट्रोल संपले, लोक रस्त्याच्या कडेला गाड्या सोडून उतरले. वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणाऱ्या एका बसला आग लागली. श्वासासाठी घेतलेली ऑक्सिजनची नळकांडी फुटली आणि तेवीस वृद्ध गेले. जीव वाचवण्यासाठी घेतलेली वस्तूही कधी अशी उलटते. आणि डिकीतल्या गोळ्या? गाडी सोडावी लागली की त्या हमरस्त्यावर कोणाच्याही हाती लागणार. ज्या अनोळखी माणसाच्या भीतीने त्या घेतल्या, त्याच्याच हाती.

तिकडे असेही म्हणणारे आहेत की, संकट लांबले की पैशाला किंमत राहणार नाही, तेव्हा गोळ्या हेच चलन होईल. गोळी द्यावी, भाकरी घ्यावी. आम्ही हे वाचून खूप वेळ विचार केला. ज्याच्याकडे भाकरी आहे त्याला गोळी द्यायची, म्हणजे काल आपण ज्याला घाबरत होतो त्याला सशस्त्र करून आपण पुढे चालू लागायचे. असल्या बाजारात पाण्याची एक बाटली अधिक घेऊन गेलेला माणूस आम्हाला शहाणा वाटतो.

आता आपल्यातले काही म्हणतील, हे अमेरिकेचे झाले, आपल्याकडे असे नसते. त्याच वर्षी, कट्रिनाच्या महिनाभर आधी, 26 जुलैला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आपल्यापैकी कितीजण रुळांवरून चालत घरी आले. वाटेत झोपडपट्टीतल्या लोकांनी चहा-बिस्किटे दिली, हे अजून सांगतो आपण. ते खरे आहे. पण दोनच दिवसांनी जुहूजवळच्या नेहरूनगर वस्तीत धरण फुटल्याची अफवा पसरली आणि चेंगराचेंगरीत डझनाहून अधिक माणसे मेली. आणि 1992-93 मध्ये याच मुंबईत माणसांनी काय-काय हातात घेतले होते, तेही आठवते. त्या वेळी घरांत सापडल्या त्या तलवारी होत्या.

तलवारीवरून लूकलिखित शुभवर्तमानातला बाविसावा अध्याय आठवतो. शेवटच्या भोजनानंतर येशू शिष्यांना सांगतो की आता थैली घ्या, आणि तलवार नसेल तर झगा विकून घ्या. शिष्य म्हणतात, दोन आहेत. येशू म्हणतो, पुरे. या “पुरे”वर विद्वानांनी ग्रंथ लिहिले. दोन तलवारी पुरेशा आहेत असा अर्थ, की हा विषयच पुरे झाला असा? आम्हाला परीक्षेत हा प्रश्न आला होता; काय लिहिले ते आता आठवत नाही, पण गुण कमी पडले एवढे आठवते. आज मात्र त्यापुढच्या ओळींकडे लक्ष जाते. घेतलेल्या दोनपैकी एक तलवार त्याच रात्री चालली. ती पिलातावर किंवा प्रमुख याजकावर चालली नाही. एका दासाच्या कानावर चालली, ज्याला मालकाने पाठवले म्हणून तो आला होता. आणि पकडला जात असताना येशूला आधी तो कान बरा करावा लागला.

हे सगळे आम्ही त्या गृहस्थांना गेल्या बुधवारी नोव्हेनानंतर बाकावर बसून सांगितले. पाप आहे की नाही, याचे एका शब्दातले उत्तर आम्ही याही वेळी दिले नाही. मुलाला दोन गोष्टी विचारा, एवढे म्हटले: एक, या शंभर गोळ्या तू मनातल्या मनात कोणावर झाडल्या आहेस, त्या माणसाचा चेहरा कसा आहे? आणि दुसरी, तुझ्या समोरच्या घरात जी एकटी म्हातारी राहते असे तू सांगतोस, तिचे पाणी कोणत्या बॅगेत आहे?

काल त्यांचा फोन आला. मुलगा आधी चिडला होता, मग दोन दिवस बोलला नाही.

“फादर, एक पेटी काढली म्हणतो. म्हातारीसाठी पाणी ठेवलंय त्या जागी. दुसरी राहू दे म्हणतो.”

आम्ही म्हटले, “बरं.”

“बरं म्हणजे काय, फादर?”

“पुढच्या हंगामाला पुन्हा विचारा त्याला,” आम्ही म्हटले.