वादळानंतरची विचारपूस: एक नैमित्तिक कर्तव्य

नैसर्गिक आपत्तीनंतर एका घरधन्याने दुसऱ्याची केलेली विचारपूस हा निव्वळ सौजन्याचा भाग मानावा, की तिला धर्माचे, म्हणजे टाळल्यास माणूस दोषी ठरावा अशा कर्तव्याचे स्थान द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता लहान वाटतो. संकटात मदत करणे पुण्यकारक आहे याविषयी कोणत्याही परंपरेत दुमत नाही; परंतु विचारणारा इतका दूर किंवा स्वतःच इतका हतबल आहे की त्याच्या हातून काही होण्यासारखे नाही, अशा वेळी त्याच्या विचारण्याला काही मूल्य उरते का, याचे उत्तर तितके सरळ नाही. कोकणातील जुनी घरे आणि ती मागे ठेवून आखाती देशांत गेलेले त्यांचे मालक यांच्या संबंधात हा प्रश्न सर्वांत कठोर रूपात उभा राहतो, म्हणून तो तिथेच तपासणे योग्य होईल.

दुबईतील अल क्वोज हा शेख झायेद मार्गाच्या वाळवंटाकडील बाजूचा भाग असून त्यात गोदामे, कार्यशाळा, गॅरेज आणि अलीकडच्या काळातील कलादालने यांच्या जोडीने कामगारांची निवासस्थाने आहेत, ज्यांना तिथे राहणारे लोक ‘कॅम्प’ म्हणतात. रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, मंडणगड, दापोली, खेड या तालुक्यांतून आखातात नोकरीला जाण्याची रीत कित्येक दशकांची आहे; कोकणी मुसलमान कुटुंबांत ती अधिक रुजलेली असली तरी त्यांच्यापुरती मर्यादित नाही. कॅम्पमध्ये ज्याच्या वाट्याला एक खाट आणि एक कपाट येते, तोच माणूस गावी जांभ्या चिऱ्याच्या, मंगळुरी कौलांच्या घराचा मालक असतो. पुष्कळदा त्या घराच्या उताऱ्यावर भावांची आणि चुलत भावांचीही नावे असतात, आणि घराला कुलूप असते किंवा त्यात एखादे वृद्ध माणूस तेवढे राहत असते.

३ जून २०२० रोजी, ज्येष्ठ पौर्णिमेच्या दोन दिवस आधी, ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने दुपारच्या काही तासांत कौले उडवली, वासे मोडले, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. विजेचे खांब आणि मोबाइलचे मनोरे कोसळल्यामुळे कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली आणि बाहेरच्या जगापासून तुटली. पावसाळा दारात उभा होता, त्यामुळे उघडे पडलेले माजघर झाकायला हाती फार थोडे दिवस होते. त्याच सुमारास करोनाच्या साथीमुळे भारतातील नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा मार्चच्या उत्तरार्धापासून बंद होती आणि मे महिन्यात सुरू झालेल्या ‘वंदे भारत’ उड्डाणांत जागा मिळणे सोपे नव्हते. परदेशात अडकलेल्या घरधन्याला गावी येता येत नव्हते आणि फोनही लागत नव्हता. त्याच्या घराकडे कोणी पाहायचे, हा प्रश्न अपरिहार्यपणे त्या शेजाऱ्यावर येऊन पडला, ज्याच्या स्वतःच्या आढ्यावरची कौलेही जागेवर नव्हती.

या परिस्थितीचा विचार करण्यासाठी पूर्वमीमांसेने, म्हणजे वेदविहित कर्मांच्या अर्थाची चिकित्सा करणाऱ्या दर्शनाने केलेले एक वर्गीकरण फार उपयोगी पडते. त्यानुसार रोज करावयाचे ते नित्यकर्म, फळाची इच्छा धरून केलेले ते काम्यकर्म आणि एखादा प्रसंग ओढवल्यामुळे करावे लागते ते नैमित्तिक कर्म. ग्रहणाच्या वेळचे स्नान हे तिसऱ्या प्रकाराचे परिचित उदाहरण. नैमित्तिक कर्माचे वैशिष्ट्य असे की ते फळासाठी केले जात नाही, निमित्त घडले एवढेच ते करण्याचे कारण असते, आणि ते टाळल्यास ‘प्रत्यवाय’, म्हणजे न केल्याचा दोष लागतो. वादळ हे असे निमित्त आहे आणि विचारपूस हे त्यातून निर्माण होणारे कर्म आहे असे मानले, तर विचारणाऱ्याच्या हातून पुढे काय साधले या कसोटीवर त्याचे मूल्य ठरवण्याची गरज राहत नाही. वेगळ्या तालुक्यातला, वेगळ्या देशातला, रिकाम्या हाताचा माणूसही या कर्तव्यातून सुटत नाही.

येथे एक गंभीर आक्षेप येतो आणि त्याला बगल देणे उचित नाही. शंकराचार्यांनी गीताभाष्यात असा युक्तिवाद केला आहे की कर्म न करणे हा अभाव आहे आणि अभावातून पाप नावाची भावरूप वस्तू उत्पन्न होऊ शकत नाही. हा युक्तिवाद येथे लावला तर ज्याने शेजाऱ्याला विचारले नाही त्याने काही केलेच नाही, आणि ज्याने काही केले नाही त्याच्या नावावर दोष कसा मांडायचा? आचार्यांचा रोख ज्ञान आणि कर्म यांच्या संबंधावर आहे. शेजारधर्म हा तेथे विषय नाही, हे खरेच. तरीही आक्षेपाचे बळ कमी होत नाही. त्याचे उत्तर असे देता येईल की जिथे दोन माणसांमध्ये आधीपासून नाते आहे, जिथे एका वाडीचे पाणी दुसऱ्याच्या वाडीतून वाहत आले आहे आणि एका घरची चावी दुसऱ्या घरच्या खुंटीवर टांगलेली आहे, तिथे संकटानंतरचे मौन हा केवळ अभाव राहत नाही. ते मौन समोरच्या माणसापर्यंत पोहोचते, तो त्याचा अर्थ लावतो आणि नाते त्या अर्थाप्रमाणे बदलते. अनोळखी माणसाचे न विचारणे कोणाच्या लक्षातही येत नाही. शेजाऱ्याचे न विचारणे मात्र पुढील पिढीपर्यंत सांगितले जाते. ज्या अभावाला परिणाम आहे त्याला कर्म म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

ज्या गावांत हे घडले तिथे हिंदू आणि मुसलमान आळ्या एकमेकींना लागून आहेत, म्हणून इस्लामी धर्मशास्त्रातील एक भेदही येथे आणला पाहिजे. त्या शास्त्रात कर्तव्यांचे दोन वर्ग मानतात: ‘फर्ज-ए-ऐन’ म्हणजे प्रत्येकाने स्वतः पार पाडावयाचे कर्तव्य, जसे पाच वेळची नमाज, आणि ‘फर्ज-ए-किफाया’ म्हणजे काहींनी केले की साऱ्या समाजावरची जबाबदारी फिटते असे कर्तव्य, जसे मृताच्या जनाज्याची नमाज. शेजाऱ्याशी चांगले वागण्याची आज्ञा कुराणाच्या ‘निसा’ या अध्यायात आहे आणि तिच्यात जवळच्या शेजाऱ्याबरोबर परक्या शेजाऱ्याचाही उल्लेख आहे. शेजाऱ्याविषयी देवदूत जिब्रील इतके वारंवार बजावत राहिले की त्याला वारसाहक्कच मिळतो की काय असे पैगंबरांना वाटू लागले, या आशयाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. शास्त्रकारांनी वादळानंतरच्या विचारपुशीला कोणत्या वर्गात घातले असते हा वाद बाजूला ठेवून या भेदाचा उपयोग करून पाहिला, तर एक गोष्ट लख्ख दिसते. छपरावर ताडपत्री ओढणे, पडलेला माड करवतीने तोडून वाट मोकळी करणे, तलाठ्याच्या पंचनाम्याच्या वेळी हजर राहणे ही कामे किफाया स्वरूपाची आहेत, कारण चार माणसांनी ती केली की पाचव्याची गरज उरत नाही आणि पाचवा आल्यास कदाचित अडचणच होते. विचारपूस मात्र ऐन स्वरूपाची आहे. गावातील दहा जणांनी एखाद्या म्हातारीला ‘बरी आहेस ना’ असे विचारले, म्हणून तिच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या अकराव्याचे कर्तव्य फिटत नाही. अल क्वोजमधील एकाच खोलीत राहणाऱ्या चौघांपैकी एकाचे घर पडले आणि तिघांनी त्याच्याजवळ बसून विचारले, तर भावकीतल्या आणखी एका माणसाचे दुसऱ्या शहरातून विचारणे अनावश्यक ठरत नाही. मदतीची वाटणी होऊ शकते, आस्थेची होत नाही.

विचारणारा आणि विचारला जाणारा यांच्या जागा कायमच्या नसतात हेही अनुभवाला आले आहे. १६ एप्रिल २०२४ रोजी संयुक्त अरब अमिरातीत १९४९ पासूनच्या नोंदींतील सर्वाधिक पाऊस झाला. अल ऐन परिसरातील खत्म अल शक्ला येथे चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाण्याची नोंद झाली, दुबईतील रस्ते बुडाले आणि विमानतळाचे कामकाज कोलमडले. जिथे वर्षाकाठी मोजके दिवस पाऊस पडतो तिथे कोकणातून काळजीचे फोन जाण्याची ती वेळ होती. चार वर्षांपूर्वी ज्याच्या घरावर परक्या हातांनी ताडपत्री ओढली गेली होती, त्याला आता त्याच हातांनी विचारावे, यात परतफेडीचा हिशेब पाहणे चुकीचे होईल, कारण नैमित्तिक कर्माला मागच्या देण्याघेण्याची नव्हे, फक्त निमित्ताची अट असते.

उरतो तो उत्तराचा प्रश्न, आणि आचरणात तोच अधिक जड आहे. दूरच्या मालकाने ‘घर कसे आहे’ असे विचारल्यावर शेजाऱ्याने काय सांगावे? गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाची लक्षणे सांगताना ते बोलणे दुसऱ्याला उद्विग्न न करणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असावे अशी चौहेरी अपेक्षा ठेवली आहे. पण देवघराची भिंत खचली असेल आणि आजोबांनी लावलेली पोफळीची बाग संपली असेल, तेव्हा या चारही गोष्टी एकत्र येत नाहीत. ‘सगळे ठीक आहे’ असे सांगून दूरच्या माणसाची रात्र वाचवण्याचा मोह समजण्यासारखा असला तरी तो टाळला पाहिजे, कारण घर ज्याचे आहे त्याला त्याच्या नुकसानीचे ज्ञान हा त्याच्या मालकीचाच भाग आहे आणि ते दडवणारा शेजारी, हेतू कितीही चांगला असो, त्याच्याकडून आणखी एक वस्तू काढून घेतो. सत्य सांगण्याचा क्रम मात्र शेजाऱ्याच्या हातात असतो: आधी माणसे सुखरूप असल्याचे, मग गुरांचे, मग आढ्याचे आणि भिंतींचे, आणि शेवटी बागेचे, कारण कौले एका हंगामात पुन्हा चढवता येतात, पोफळीला फळ धरायला मात्र काही वर्षे जावी लागतात.