फोटो आणि चित्र

महादेव विश्वनाथ धुरंधर यांची चित्रे ज्यांनी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांनी ती छापलेलीच पाहिली. मूळ चित्र मुंबईच्या प्रदर्शनात किंवा एखाद्या संस्थानिकाच्या संग्रहात राहिले; घरोघरी पोचली ती त्याची प्रत. अशा प्रतीला बोलीत ‘फोटो’ म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेत तसबिरींच्या दुकानापुढे ‘बालाजीचा फोटो’ हाच शब्द कानी पडतो. कलेच्या जाणकारांना तो खटकतो. हाताने काढलेले ते चित्र आणि यंत्राने उतरवलेला तो फोटो, हा भेद त्यात पुसला जातो, अशी त्यांची तक्रार असते. तक्रार रास्त आहे, पण धुरंधरांच्या आयुष्याशी ताडून पाहिली तर ती पुरती टिकत नाही.

धुरंधरांचा जन्म 18 मार्च 1867 रोजी कोल्हापुरात झाला. 1890 मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, तिथेच शिक्षक झाले आणि 1931 मध्ये तिथूनच निवृत्त झाले. 1895 मध्ये ‘हॅव यू कम लक्ष्मी?’ या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. पदके, रावबहादूरकी, संस्थानिकांची कामे हा तपशील चरित्रकोशात सापडतो. त्यांच्या कामाचा दुसरा अर्धा भाग छापखान्यातला आहे, आणि चित्रकाराची थोरवी सांगताना तोच हलक्या आवाजात सांगितला जातो.

एडवर्ड्स यांचे मुंबईवरचे पुस्तक (1912), किंकेड यांचे ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ (1914), रॉथफेल्ड यांचे ‘विमेन ऑफ इंडिया’ (1920) ही पुस्तके धुरंधरांनी चित्रांनी सजवली. त्यांची पोस्टकार्डेही निघाली. किंकेड यांच्या गोष्टी म्हणजे श्रावणात वाराप्रमाणे सांगितल्या जाणाऱ्या आपल्याच कहाण्या. त्या इंग्रजीत प्रथम ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आल्या, मग पुस्तकात. कहाणी आजीच्या तोंडून कानाला मिळत होती. डोळ्यांना ती धुरंधरांनी दिली. लुगड्याचा काष्टा कुठे वळतो, पदर खांद्यावर कसा बसतो, भरली घागर कमरेवर घेताना बाईचे धड कोणत्या बाजूला झुकते, हे त्यांच्या रेषेला नेमके ठाऊक असते. असे निरीक्षण प्रदर्शनासाठी एक आणि छापखान्यासाठी दुसरे, असे वेगळे काढता येत नाही.

चित्रकाराने छापखान्यासाठी चित्रे काढण्याची ही वाट त्या काळी युरोपातही रुळलेली होती. बार्सिलोनाचे चित्रकार जुझेप युइस पेलिसेर (1842–1901) यांनी स्पेनमधल्या कार्लिस्ट युद्धाची दृश्ये माद्रिदच्या सचित्र नियतकालिकासाठी रेखाटली. तेव्हा रेखाटन लाकडी ठशावर कोरले जाई आणि चित्रकाराच्या नि वाचकाच्या मध्ये कोरणाऱ्याचा हात येई. धुरंधरांच्या काळापर्यंत हाफटोन ब्लॉक आला. तो फोटोग्राफीच्याच आधाराने तयार होई, आणि त्यामुळे चित्रकाराची छटा कागदावर बरीचशी जशीच्या तशी उतरू लागली. म्हणजे छापील चित्राला ‘फोटो’ म्हणणारी बोली तंत्राच्या दृष्टीने अगदीच चुकत नाही.

बुलढाणा जिल्ह्याच्या शेजारीच असलेल्या अजिंठ्याची हकीकत इथे आठवते. रॉबर्ट गिल यांनी लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या केलेल्या बहुतेक प्रती 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. धुरंधरांचे गुरू जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून विद्यार्थ्यांकरवी नव्या प्रती करवल्या. त्यांतल्याही बऱ्याच 1885 च्या आगीत जळाल्या. 1896–97 मध्ये ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ छापून निघाला आणि ते काम जगापुढे राहिले. रंगवलेले जळाले, छापलेले टिकले.

छापील, लोकप्रिय चित्राला सर्वांत कठोर विरोध केला तो कलासमीक्षक आनंद कुमारस्वामी यांनी. रविवर्म्यांच्या देवादिकांत त्यांना नाटकीपणा दिसला. पुढे हीच मोजपट्टी जे. जे. परंपरेतल्या चित्रकारांनाही लावली गेली. आक्षेपात तथ्य आहे: धुरंधरांच्या काही पौराणिक चित्रांतल्या व्यक्ती रंगमंचावर उभ्या असल्यासारख्या दिसतात. पण ज्या घरात चित्र म्हणून दुसरे काहीच पोचत नव्हते, तिथे हे छापील चित्र काय करत होते, याचे उत्तर या मोजपट्टीपाशी नाही. शिवराज्याभिषेकाचा प्रसंग डोळ्यांपुढे आणताना मराठी मनाला धुरंधरांच्या चित्राचा आधार मिळाला, आणि तोही छापील प्रतींतून.

म्हणून धुरंधर मुळात मोठे चित्रकार होते, पोटापाण्यासाठी छापखान्याचे काम करत, असा त्यांचा बचाव करणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. छापण्यासाठी काढलेल्या चित्रात मूळ कागद हा मसुदा असतो. वाचकाच्या हाती पडलेले पान हेच पूर्ण झालेले चित्र. मूळ आणि प्रत हा भेद तिथे लागू पडत नाही. लागू पडतो तो दुसराच भेद: नाव असलेले चित्र आणि नाव हरवलेले चित्र.

धुरंधर चित्राच्या खालच्या कोपऱ्यात ठळक सही करत. तसबीर मढवताना कडेची पट्टी नेमकी त्या कोपऱ्यावर बसली की सही झाकली जाते, आणि कोणी तरी पाहून, विचार करून काढलेले चित्र आपोआप उमटल्यासारखे वाटू लागते. ‘फोटो’ या शब्दातला खरा धोका हा आहे. 1940 मध्ये धुरंधरांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मवृत्त प्रसिद्ध केले आणि 1 जून 1944 रोजी त्यांचे निधन झाले. लोकांनी चित्राला फोटो म्हणावे. मढवणाऱ्याने मात्र दोन बोटे कागद मोकळा सोडून सही दिसू द्यावी.