गाण्यांनी अडवलेली मालिका

१९८८ ते १९९३ या काळात अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर ‘द वंडर इयर्स’ ही मालिका चांगलीच गाजली. गोष्ट मात्र वीस वर्षं मागची. १९६८ साली १२ वर्षांचा असलेला केव्हिन अर्नोल्ड, आणि त्याच्याच गल्लीत राहणारी विनी.

हसवता हसवता पहिलाच भाग चटका लावतो. विनीचा भाऊ व्हिएतनाममध्ये मारला जातो. झाडीत एकट्या बसलेल्या विनीच्या खांद्यावर केव्हिन आपलं जॅकेट टाकतो.

एवढी लाडकी मालिका, पण ती पूर्ण डीव्हीडीवर यायला २०१४ साल उजाडलं!

आड आली ती गाणी. तो काळ उभा करायला शेकडो मूळ गाणी वापरलेली. त्यांचे हक्क वेगवेगळ्या मालकांकडून नव्याने मिळवायचे होते. २०११ मध्ये मालिका नेटफ्लिक्सवर आली, तेव्हा जो कॉकरच्या आवाजातलं शीर्षकगीतच बदललेलं होतं. डीव्हीडीवर कॉकर परतला.

मालिका एबीसीवर लागायची तेव्हा केव्हिनच्या वयाचे असलेले प्रेक्षक आता त्याच्या वडिलांहूनही मोठे झालेत. कामावरून वैतागून येणारा, घरात फारसं न बोलणारा तो बाप त्यांना आता बराचसा पटतो.