तिसरा अंक नसलेला माणूस

नाटकातल्या नटाला एक सोय असते. पहिल्या अंकात पाऊल टाकतानाच आपल्या पात्राचं तिसऱ्या अंकात काय होणार, हे त्याला ठाऊक असतं. मालिकेतल्या चरित्र अभिनेत्याला ते सुख नाही. त्याचं पात्र पुढच्या महिन्यात काय करणार, असेल की नसेल, हे लेखकांची फळी, वाहिनी आणि टीआरपी मिळून ठरवतात. शेवट माहीत नसलेला माणूस तो वर्षानुवर्षं उभा करत राहतो. या कामाला आपण अभिनयातलं दुय्यम काम समजतो, ते मला पटत नाही.

शिवाजी साटम बँकेतली नोकरी सांभाळून मराठी रंगभूमीवर आले. २१ जानेवारी १९९८ला सोनी वाहिनीवर ‘सीआयडी’ ही मालिका सुरू झाली आणि त्यांचा एसीपी प्रद्युम्न पुढे वीस वर्षं दर आठवड्याला घराघरांत येत राहिला. त्याच सुमारास, १९९९मध्ये, ‘वास्तव’ चित्रपटात ते नायक रघूचे वडील झाले होते: मुलगा हातातून जाताना बघणारा, चाळीतला हतबल बाप. एकीकडे साऱ्या खात्यावर जरब असलेला अधिकारी, दुसरीकडे स्वतःच्या घरात कुणी न ऐकणारा म्हातारा. पण रस्त्यात लोक हाक मारणार ती ‘एसीपी’ म्हणूनच. हवेत बोटं फिरवून गडबडीचा संशय घेण्याची ती लकब नक्कल करणाऱ्यांनी इतकी वापरली, की तिच्यामागे नट आहे हेच विसरायला झालं.

बाळ कर्व्यांचंही तेच. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ आले, आणि कर्वे अखेरपर्यंत गुंड्याभाऊच राहिले. चिमणराव झालेले दिलीप प्रभावळकर मात्र निसटले. ‘हसवाफसवी’त एकाच नाटकात सहा भूमिका केल्यावर कोण त्यांना एका कोटात अडकवणार? आपण कौतुक प्रभावळकरांच्या वाटेचं करतो. रूप पालटणं डोळ्यांना दिसतं ना! पण शेकडो भागांत, दिग्दर्शक बदलत असताना, स्वतःचं वय वाढत असताना, तोच माणूस तसाच ठेवणं, आणि पुन्हा तो शिळा होऊ न देणं, यालाही रियाज लागतो. त्यासाठी पुरस्काराचा वेगळा विभाग कुणी काढत नाही, एवढंच.

२०१८मध्ये ‘सीआयडी’ थांबली. २०२४च्या डिसेंबरात ती परतली, साटमही परतले. एप्रिल २०२५मध्ये कथेत प्रद्युम्न मारला गेला. वाहिनीने श्रद्धांजली प्रसिद्ध केली, प्रेक्षक चिडले, समाजमाध्यमांवर शोक झाला. साटम पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, धडधाकट. पुढे पात्रही जिवंत निघालं, आणि साटम पुन्हा कामावर रुजू झाले.