फोटोत दिसलं तरच खरं?

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत बाबांनी किराणाची यादी लिहिली, ती मला वाचताच येईना. पहिली ओळ ठीक होती. मग अक्षर बारीक होत होत शेवटी मुंगीएवढं झालेलं. बाबांनी कराडला तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. फळ्यावरचं त्यांचं अक्षर शेवटच्या बाकावरून वाचता यायचं.

"हात ऐकत नाही रे," ते म्हणाले. मी म्हटलं, "सवय गेलीय तुमची. रोज एक पान लिहा."

मग चालताना त्यांचा उजवा हात हलेनासा झाला. शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं लागायला लागली. मी त्यांना पुण्याला आणून मेंदूचा एमआरआय केला. रिपोर्ट नॉर्मल. पुढचे आठ महिने त्यांच्या प्रत्येक तक्रारीवर माझं एकच उत्तर: "एमआरआय नॉर्मल आहे ना बाबा? मनातून काढून टाका." हळूहळू त्यांनी सांगणंच बंद केलं. मला वाटलं, बरं वाटतंय त्यांना.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कोणी म्हणालं ॲप अडकतंय, की आम्ही लॉग बघतो. लॉगमध्ये एरर नसेल तर तिकीट बंद. कधीकधी नंतर कळतं, की त्या भागात लॉगिंगच घातलेलं नव्हतं. एमआरआयचं तसंच होतं. तो मेंदूची रचना दाखवतो: गाठ, स्ट्रोक, साठलेलं पाणी. पार्किन्सनमध्ये सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात, आणि नेहमीच्या एमआरआयमध्ये ते सहसा कळत नाही. रिपोर्ट खोटा नव्हता. जो प्रश्न त्याला विचारलाच नव्हता, त्याचं उत्तर मी त्यातून काढलं होतं.

शेवटी एका न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी बाबांना बोटं जुळवायला लावली, चालायला आणि वळायला लावलं, मनगट फिरवून पाहिलं. "पार्किन्सन आहे," त्या म्हणाल्या. मी विचारलं, स्कॅनमध्ये दिसेल का? "मला गरज वाटत नाही. तुम्हाला खात्री हवी असेल तर करू."

मला हवी होती. ट्रोडॅट नावाच्या स्कॅनमध्ये किंचित किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात. ते डोपामिनच्या वाहक प्रथिनांना चिकटतं आणि काही तासांनी चित्र घेतात. निरोगी मेंदूत दोन स्वल्पविराम उजळलेले दिसतात. पार्किन्सनमध्ये त्यांची शेपटी विझत जाते आणि टिंबं उरतात. बाबांची टिंबंच होती. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आता पटलं ना तुला?"

ते रागावले नव्हते, म्हणून जास्त लागलं.

जेम्स पार्किन्सनने या आजारावरचा निबंध १८१७ साली लिहिला. एक्स-रेचा शोध १८९५चा. त्याने वर्णन केलेल्या सहा रुग्णांपैकी काही तर त्याला नुसते रस्त्यात दिसलेले होते. यंत्र नव्हतं, तरी बघणं आणि विचारणं होतं. माझ्याकडे यंत्र होतं, आणि बाकी दोन्ही मी सोडून दिलं होतं.

स्कॅन निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. हाताची थरथर पार्किन्सनची की इसेन्शियल ट्रेमरची, हा पेच त्याने सुटू शकतो. पण टिंब किती लहान झालं यावरून थरथर किती असेल, हे नीट सांगता येत नाही. बटण लावताना माणूस किती शरमतो, हे तर नाहीच.

आणि 'मनातून काढून टाका' या वाक्याचं काय? २००१ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी पार्किन्सनच्या रुग्णांना औषध म्हणून नुसतं मिठाचं पाणी टोचलं आणि पेट स्कॅन केला. औषध मिळालं असेल या नुसत्या अपेक्षेने त्यांच्या मेंदूत खरोखरचं डोपामिन स्रवलेलं दिसलं. म्हणजे 'खरं' एका बाजूला आणि 'मनाचं' दुसऱ्या बाजूला, ही माझी वाटणीच चुकीची होती. मनात आहे म्हणजे खोटं आहे, हे स्कॅनलाही मान्य नाही.

तुम्ही म्हणाल, मग सगळ्यांचं सगळं खरं मानायचं का? नाही. बाबांना वाटत होतं, मानेत शीर दबलीय. ते चुकीचं होतं. पण हात ऐकत नाही, हे बरोबर होतं. कारण काय ते तपासायला पुरावा लागतो. त्रास होतोय हे मानायला तो मागणं हा अन्याय आहे, कारण तो आणून देणं त्या माणसाच्या हातातच नसतं. कारण सापडलं नाही तरी तिकीट उघडं ठेवता येतं. आठ महिन्यांत मला तेवढंच करायचं होतं.

आता बाबांच्या गोळ्या ठरलेल्या वेळी असतात. कधी फोनवर म्हणतात, "आज गोळी उशिरा लागू पडली." हे तपासायला माझ्याकडे काहीच नसतं. मी विचारतो, "म्हणजे नेमकं काय झालं?" मग ते सांगतात, सावकाश, आणि मी मध्ये बोलत नाही.