ते वासरू

वासरू नपुंसकलिंगी. पारडू, रेडकू, करडू, कोकरू, शिंगरूही तसेच. आपले मूल, बाळ, लेकरू याच दावणीला. हिंदीत बछडा की बछिया हे जन्मताच ठरवावे लागते. मराठी म्हणते, आधी पिऊ दे.

दूध तुटले की लिंग येते, आणि लिंगामागून किंमत. कालवड म्हटले की पुढची वेते मोजायची, गोऱ्हा म्हटले की खांदा बघायचा. कोकणात पाडी आणि पाडा. गोऱ्ह्याचा खोंड होतो. खच्ची केला तर बैल, राखला तर वळू. एवढे शब्द काही कौतुकातून आलेले नाहीत. जिथे पैसा गुंततो, तिथे नावे बारीक होतात.

सांगोल्याच्या बाजारात खोंड घेणारा त्याचा खालचा ओठ ओढून बघतो. वर बघण्यात अर्थ नाही. गुरांना वरचे पुढचे दात नसतातच. सगळे दुधाचे असले तर आदत. मग दोनदाती, चारदाती, सहादाती. आठही आले की जुळलेला. वय विकणाऱ्याला कोणी विचारत नाही. तो खोटे सांगेल, दात सांगणार नाहीत.

म्हशीच्या गोठ्यात भाषा आणखी उघडी पडते. मादी ती वगार. नर तो टोणगा, आणि हा शब्द आपण रिकामटेकड्या पोरालाही लावतो. वगारीवरून शिवी झालेली ऐकली नाही.

वसुबारसेला गाय वासरासह हवी, एवढेच. वासरू गोऱ्हा की कालवड, हे त्या दिवशी कोणी बघत नाही. दुसऱ्या दिवशी बघतात.

ट्रॅक्टर आला, खांद्याचे काम गेले. संकरित गोऱ्ह्याला तर वशिंडही नावापुरते. महाराष्ट्रात २०१५पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे नको असलेला गोऱ्हा विकवत नाही आणि पोसवतही नाही. मग तो रस्त्यावर येतो. तिथे त्याला आदत-दोनदाती कोणी म्हणत नाही, मोकाट म्हणतात.

आता यावरही तोड निघाली आहे. लिंगविनिश्चित वीर्यमात्रा भरली की शंभरातली नव्वदच्या आसपास वासरे मादीच निघतात. व्याकरणाने दिलेली सवड गर्भाआधीच संपते. शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. चाऱ्याचे बिल त्याचे आहे.

२०१९च्या पशुगणनेत, २०१२च्या तुलनेत, देशातल्या गायी १८ टक्क्यांनी वाढल्या. गोवंशातले नर सुमारे ३० टक्क्यांनी घटले.